२४ नव्हे, २६ काड्या

हा एपिसोड रात्री सव्वाअकराला रेकॉर्ड करतोय, लेक शेजारच्या खोलीत झोपलीय, त्यामुळे आवाज जरा हळू असेल. इअरफोन लावा.

आज कोडिंगबद्दल एक अक्षर नाही. आजचा विषय आहे हस्तकला. हसू नका. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना अजून मुलं नसतील, पण भाचा असेल, पुतणी असेल, आणि कधीतरी कुणीतरी हातात कात्री देऊन म्हणेल, "मला करून दे ना." तेव्हा माझी आठवण येईल.

गोष्ट मागच्या दिवाळीपासून सुरू होते. लेक तेव्हा साडेचार वर्षांची. रात्री आठ वाजता शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला, उद्या प्रत्येकाने घरी केलेला आकाशकंदील आणायचा. 'मुलांनी स्वतः केलेला' असंही लिहिलं होतं, शेजारी हात जोडलेला इमोजी. त्या आठवड्यात मी ऑन-कॉल होतो. म्हणजे लॅपटॉप उघडा, फोन शेजारी, आणि कुठल्याही क्षणी सर्व्हर बोंबलेल ही धास्ती. घरात कार्डपेपर होता, स्टेपलर होता, एक व्हिडिओ लावला, 'दहा मिनिटांत सोपा कंदील'.

दहा मिनिटं वगैरे काही नसतं, हे आधीच सांगतो. ती दहा मिनिटं एडिट केलेली असतात.

लेक कात्रीने पट्टी कापत होती. तिरकी. जीभ बाहेर काढून, फार मन लावून कापत होती, पण तिरकी. तेवढ्यात फोन वाजला, प्रॉडक्शनला काहीतरी अडकलेलं. मी एका हाताने मेसेज टाइप करत दुसऱ्या हाताने तिच्या हातातून कात्री काढून घेतली आणि म्हणालो, "थांब, मी पटकन करून देतो." आणि दिला करून. कडा सरळ, झिरमिळ्या एका मापाच्या, मस्त झाला होता.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात तो टेबलावर ठेवला आणि बाईंना सांगितलं, "हा बाबांचा आहे. माझा नाहीये." संध्याकाळी घरी आल्यावर मी विचारलं, गॅलरीत लावूया का? तर म्हणाली, "तुझाय ना, तू लाव." रागाने नाही हां. अगदी सरळ, जशी चप्पल कुणाची ते सांगतात तसं.

बस, तिथून मी ठरवलं की हे शिकायचं. रोज अर्धा तास, जेवणाआधी, फोन दुसऱ्या खोलीत. रोज जमलं का? नाही. आठवड्यातून तीनदा जमलं तरी मी स्वतःला शाबासकी देत होतो.

पहिला महिना आमच्या सगळ्या वस्तू वाकड्या झाल्या. मला वाटायचं, माझ्या हातात कला नाही. शाळेत चित्रकलेत जेमतेम पास होणारा मुलगा मी. पण हळूहळू लक्षात आलं की निम्म्या वेळा दोष हाताचा नसतो, सामानाचा असतो.

हा प्रयोग आत्ताच करा. घरातलं वर्तमानपत्र घ्या आणि वरून खाली फाडा. जवळजवळ सरळ रेषेत फाटतं. आता तेच आडवं फाडा. नकाशावरच्या समुद्रकिनाऱ्यासारखं वाकडंतिकडं. कारण असं, की कागद मशिनवर तयार होताना लगदा एकाच दिशेने धावत असतो, त्यामुळे त्यातले बरेचसे तंतू त्या दिशेने आडवे होतात. लाकडाला जशी रेष असते ना, तशी कागदालाही असते. रेषेच्या बाजूने फाडलं, दुमडलं की गपगुमान ऐकतो. विरुद्ध दिशेने घडी घातली की घडीवर बारीक तडे जातात, विशेषतः जाड कार्डपेपरला. म्हणजे माझ्या लेकीची पट्टी तिरकी जात होती तेव्हा कात्रीची गरजच नव्हती. कागद बरोबर दिशेने धरून दिला असता तर तिने हातानेच सरळ पट्ट्या फाडल्या असत्या. हे कळल्यावर मला थोडं वाईट वाटलं, खरं सांगतो.

दुसरं म्हणजे चिकटवणं. फेव्हिकॉल पातळ कागदावर लावला की कागद ओला होऊन सुरकुततो आणि मुलांना थांबायचा धीर नसतो. त्याऐवजी खळ करा. आजीच्या काळची वस्तू आहे, पण काय चिकटते! एक वाटी पाण्याला दोन चमचे मैदा. मैदा आधी गार पाण्यातच कालवायचा, मग मंद आचेवर ढवळत राहायचं. थेट गरम पाण्यात टाकलात तर गुठळ्या, कारण प्रत्येक गुठळीचं बाहेरचं पीठ लगेच फुगून कवच होतं आणि आतलं कोरडंच राहतं. साधारण ६०-७० अंशांच्या आसपास पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मिश्रण एकदम घट्ट, चकचकीत होतं. तो क्षण लेकीला फार आवडतो, "झालं झालं" म्हणून नाचते. पूर्वी खळीला कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद घालायचे. ते घालू नका. विषारी असतं, आणि आपल्याकडे बोटं चाटणारी मंडळी आहेत. उरली खळ तर टाकून द्यायची, उद्या दुसरी.

याच दिवसांत मी अरविंद गुप्तांचे व्हिडिओ बघायला लागलो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात ट्रकच्या कारखान्यात नोकरी केली, मग ते सोडून टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्यात उभी कारकीर्द घातली. पुण्यात आयुकामधल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी अनेक वर्षं काम केलं, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे मराठीतलेही छोटे व्हिडिओ आहेत, फुकट. आमचं पहिलं यश त्याच जातीचं, कागदाचा मासा. मासिकाच्या पानाची १५ सेंटीमीटर लांब, २ सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. एका टोकापासून २ सेंटीमीटरवर वरून अर्ध्यापर्यंत काप, दुसऱ्या टोकापासून तेवढ्याच अंतरावर खालून अर्ध्यापर्यंत काप. दोन्ही काप एकमेकांत अडकवा, मासा तयार. उंचावरून सोडा, गरगर गिरक्या घेत खाली येतो.

यात गंमत काय, की तो एका मिनिटात होतो. फाटला तर दुसरा. तिरका कापला तरी फिरतोच. कधी तर जास्त फिरतो! त्यामुळे मला कात्री हिसकावण्याचं काही कारणच उरत नाही. आम्ही गॅलरीतून किती मासे सोडले याचा हिशेब सोसायटीच्या वॉचमन काकांकडे आहे, कारण ते गोळा करायला दोघांना खाली पाठवलं होतं.

बरं. आता यंदाची दिवाळी. यंदा मी ठरवलं, कार्डपेपर नाही, खरा कंदील. बांबूच्या कामट्यांचा. साताऱ्याला आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी करायचे. मी त्या वयात शेजारी बसून व्हिडिओ गेम खेळायचो, एकदाही बघितलं नाही. आता त्यांचा उजवा हात थरथरतो, गाठ मारता येत नाही. तीन वर्षं तिकडे बाजारातला प्लास्टिकचा कंदील लागतोय. अण्णा काही बोलत नाहीत त्यावर.

शनिवारी लेकीला घेऊन बुरूड आळीत गेलो. कामट्या घेतल्या, तिला तिथला बांबू तासण्याचा आवाज इतका आवडला की तासभर हललीच नाही. पतंगाचा कागद घेतला. आणि अण्णांना फोन लावला.

अण्णांची पद्धत अशी. २४ सारख्या काड्या. चार-चार काड्यांचे सहा चौकोन बांधायचे. एक चौकोन वर आडवा, एक खाली आडवा, आणि मधले चार टोकावर उभे, पतंगासारखे. मधल्या प्रत्येकाचं डावं-उजवं टोक शेजाऱ्याच्या टोकाला बांधायचं, वरचं टोक वरच्या चौकोनाच्या कोपऱ्याला, खालचं खालच्या. चौकोनांच्या मधे आपोआप आठ त्रिकोण तयार होतात. बांधायच्या जागा बारा. मग मधल्या चार चौकोनांना आणि आठ त्रिकोणांना कागद, वर-खाली उघडं. वरच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एक आडवी काडी, तिला बल्ब.

फोनवर ते म्हणाले, "आणि खाली पण तशीच एक काडी टाक." मी म्हटलं, अण्णा, खाली कशाला, खाली काय बल्ब आहे? आणि नाही टाकली. मला वाटलं, झिरमिळ्या अडकवायला टाकत असतील, मी चौकोनालाच अडकवीन. इंजिनिअर ना आपण.

दोन संध्याकाळी सांगाडा. कागद लावेपर्यंत तो जेलीसारखा डोलत होता. कागद लावल्यावर बराच ताठ झाला. टांगला. सकाळी बघतो तर खालचा चौकोन चेपून शंकरपाळ्यासारखा झालेला, आणि सगळा कंदील कंबरेत लचकलेला. व्हिडिओ कॉलवर दाखवला तर अण्णांनी एकच विचारलं, "खालची काडी कुठंय?"

मी विचारलं, पण तिने होतं काय? ते म्हणाले, "का ते मला नाही माहीत. आमचे वडील टाकायचे. नाही टाकली की कंदील तोंड वाकडं करतो."

त्या रात्री झोप लागेना, म्हणून वही घेऊन बसलो. पहिल्या वर्षाला सगळ्याच ब्रँचना इंजिनिअरिंग मेकॅनिक्स असतं, त्यात सांधे आणि काड्या मोजायचं एक सूत्र असतं, आठवतंय? अवकाशातल्या सांगाड्यासाठीचा तो हिशेब मॅक्सवेलने १८६४ मध्ये मांडला होता, तोच, वीज आणि चुंबकवाला. कंदिलावर लावून बघू. बारा सांधे. प्रत्येक सांधा तीन दिशांनी हलू शकतो: पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली. बारा त्रिक ३६. त्यातून ६ वजा, कारण अख्खा कंदील न मोडता सरकू आणि फिरू शकतो, ते चालतं. उरले ३०. म्हणजे ३० हालचाली अडवायच्या आहेत, आणि एक काडी एक हालचाल अडवते. काड्या किती? २४. सहा कमी! म्हणून सांगाडा डोलतो.

आता कागद. त्रिकोण मुळातच ताठ असतो, तिथे कागद फक्त शोभेला. पण चौकोन चेपायचा म्हटलं तर त्याचा एक कर्ण लांबतो, आणि ताणून चिकटवलेला कागद लांबायला नकार देतो. म्हणजे चौकोनावरचा प्रत्येक कागद एका काडीचं काम करतो. चार कागद, झाले २८. वरची बल्बची काडी, २९. आणि खालची ती बिनकामाची काडी, ३०.

बरोब्बर ३०. एकही जास्त नाही. मी रात्री दीड वाजता बायकोला उठवून हे सांगितलं. तिने दिलेलं उत्तर पॉडकास्टवर सांगण्यासारखं नाही.

मापाची एक युक्ती देतो, ही मात्र माझी स्वतःची. ए-फोर कागदाची आखूड बाजू २१ सेंटीमीटर, लांब बाजू २९.७. हे गुणोत्तर वर्गमूळ दोनचं आहे, म्हणजे आखूड बाजूचा चौकोन केला तर त्याचा कर्ण बरोबर लांब बाजूएवढा येतो. तेव्हा पट्टी नको, फूटपट्टी नको. आखूड बाजूएवढ्या २४ काड्या, लांब बाजूएवढ्या २. लेकीनेच कामट्या कागदावर ठेवून खुणा केल्या. कापल्या मी, कारण कामटीच्या कडा फार धारदार असतात. चिरल्यावर सँडपेपर फिरवा, नाहीतर कुसळं जातात हातात. आणि आत बल्ब एलईडीच लावा, जुना तापणारा बल्ब कागदाजवळ नको.

गाठी मी मारल्या. खळ तिने लावली, कोपरापर्यंत. झिरमिळ्या तिने फाडल्या, कात्रीशिवाय, कागद रेषेत धरून. त्या सगळ्या वेगवेगळ्या लांबीच्या आहेत, एक तर जमिनीला टेकते. माझा हात दोनदा पुढे गेला होता त्या सारख्या करायला. दोन्ही वेळा मी चहा करायला उठलो.

शेवटचा एकच कागद उरला तेव्हा ती म्हणाली, "इथे लावायचा नाही. इथून मी आत बघणार." खिडकी हवी होती तिला. आधी तिने चौकोनाकडे बोट दाखवलं. मी म्हटलं, चौकोनाला खिडकी केली तर कंदील तोंड वाकडं करेल, त्रिकोणांपैकी कुठलाही घे, आठ आहेत. तिने आठही बोटांनी मोजले आणि गॅलरीच्या दाराकडचा, सगळ्यात खालचा घेतला.

अण्णा पाडव्याला आले. चष्मा वर करून कंदिलाखाली उभे राहिले, पहिल्यांदा खालची काडी बघितली, मग ते उघडं भोक. "कागद कमी पडला का रे?" मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "नाही आबा, ती माझी खिडकी आहे. तुम्हाला बघायचंय का? वाका."