शेऱ्याचा रकाना

२००७ च्या पावसाळ्यात भाताची लावणी उरकली आणि मी शिवऱ्याजवळच्या एका गोदामाच्या गेटवर उभा राहिलो. बारावी झालेली, पुढचं काही ठरलेलं नव्हतं. एजन्सीच्या माणसाने निळा शर्ट, शिट्टी आणि काठी दिली. शर्टाचे पैसे पहिल्या पगारातून कापले. दोन-चार महिने करू म्हणून धरलेलं काम चार वर्षं चाललं. पुढे डिस्पॅचला गेलो, आणि आज याच पट्ट्यातल्या एका गोदामाची आवकजावक माझ्याकडे आहे. त्या चार वर्षांनी मला काय दिलं आणि काय मागे लावून दिलं, याचा हिशेब कधीतरी मांडायचा होता.

आमच्याकडे गोदामं का आली, हे तेव्हा कळत नव्हतं. पुण्यात २०१३ पर्यंत जकात होती. शहराच्या हद्दीबाहेर, सातारा रस्त्यालगत माल ठेवायचा आणि लागेल तसा आत न्यायचा, हे व्यापाऱ्याला सोयीचं. जकात गेली, २०१७ च्या जुलैत जीएसटी आला, पुढच्या एप्रिलपासून परराज्याच्या मालाला ई-वे बिल लागलं. गोदामं कमी होतील असं गावात बोलत होते. ती आणखी मोठी झाली. प्रत्येक गोदामाला गेट, आणि प्रत्येक गेटला दोन पाळ्यांचे गार्ड. भोर-वेल्ह्याच्या पोरांची पहिली नोकरी अशी रस्त्याकडेलाच उभी होती.

कायदे तेव्हाही होते. महाराष्ट्रात १९८१ पासून खासगी सुरक्षा रक्षकांचा कायदा आहे, माथाडींच्या धर्तीवरचा: रक्षकाची नोंद मंडळात, मालकाने पगारावर लेव्ही भरायची, त्यातून फंड आणि रजा. म्हणून आमच्यात दोन जाती, ‘बोर्डाचा’ आणि ‘एजन्सीचा’. बोर्डाच्या गार्डाकडे आम्ही सरकारी नोकराकडे बघावं तसं बघायचो. २००५ मध्ये एजन्सीला परवाना सक्तीचा करणारा केंद्राचा कायदा आला. त्याच्या नियमांत नव्या रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास मैदानावर शिकवायचं, असं लिहिलंय. माझं प्रशिक्षण एका संध्याकाळीच उरकलं: कुठे उभं राहायचं, कोणाला सलाम करायचा.

खरं शिकवलं ते मेजरनी. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. पण आमच्याकडे फौजेतून आलेला कोणीही मेजरच. ट्रक आला की ड्रायव्हर खिडकीतून बोलायला लागायचा, आणि मेजर त्याच्याकडे न बघता मागे जायचे. “आधी सील, मग चलन, मग माणूस. माणसाशी आधी बोललास की त्याचं खरं वाटायला लागतं.”

एका रात्री पावणेतीनला ट्रक आला. सीलवरचे शेवटचे दोन आकडे चलनावरच्या आकड्यांशी जुळेनात. ड्रायव्हर म्हणाला, “दादा, घाईत लिहिलं असंल कुणीतरी, घ्या आत.” मी गाडी बाहेरच ठेवली. सुपरवायझरला उठवलं, त्याच्या शिव्या खाल्ल्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात सगळं लिहिलं: सीलवर काय, चलनावर काय, किती वाजता कोणाला कळवलं. सकाळी उलगडा झाला. चोरी नव्हती, पाठवणाऱ्या कारकुनाने आकडे उलटे लिहिले होते. शाबासकी कोण देणार? पण दोन दिवसांनी डिस्पॅचच्या साहेबांनी ते पान उघडून विचारलं, “हे कोणी लिहिलंय? अक्षर वाचता येतं.” वर्षभराने त्यांच्याकडे जागा निघाली तेव्हा त्यांना हे अक्षर आठवलं.

पुढच्या कामात गेटचं मला सर्वांत उपयोगी पडलं ते हेच, घडलेलं जसंच्या तसं, वेळेसकट लिहिणं. मालाच्या भांडणात ज्याच्याकडे वेळ लिहिलेली असते तो निम्मा जिंकलेला असतो. दुसरं म्हणजे, माणूस गेटवर कसा वागतो यावरून तो आत कसा वागेल याचा अंदाज. गार्डाला ‘ए’ म्हणणारा ट्रान्सपोर्टवाला हमालाचे पैसेही बुडवतो, हा माझा अनुभव अजून फारसा चुकलेला नाही.

पण काही खोडी सुटायला वर्षं गेली. डिस्पॅचला गेल्यावर पहिले कित्येक महिने मीटिंगमध्ये मी दाराशेजारी उभा राहायचो. खुर्ची रिकामी असायची. कोणी काही विचारलं की तोंडातून निघायचं, “साहेबांना विचारून सांगतो.” उत्तर मला ठाऊक असायचं तरी. बारा-बारा तास, रिलीव्हर आला नाही तर डबल मारून, दुसऱ्याच्या निर्णयाची राखण केली की स्वतःचा निर्णय घ्यायची सवयच मोडते. झोपेचं गणित तर आजही जुळलेलं नाही.

आणि कागद. चार वर्षांत त्याच गेटवर कंत्राट दोनदा बदललं. माणसं तीच, शर्टाचा रंग नवा, आणि दर वेळी फंडाचं नवीन खातं. २०१४ मध्ये यूएएन आला, एका माणसाला एक नंबर. त्याआधीचे आमचे पैसे तीन खात्यांत विखुरले होते. डिस्पॅचमधून दुसरीकडे जायला पहिला इंटरव्ह्यू दिला तेव्हा समोरच्याने गेटची चार वर्षं पेनाने सरळ कंसात टाकली. “हे नको, स्टोअरचा अनुभव सांगा.” आवकजावक नोंदवही म्हणजे स्टोअरच असतं, हे त्याला सांगायला माझ्याकडे एका ओळीचं पत्र होतं: काम समाधानकारक.

गार्डाच्या नोकरीतून मोठे झालेल्यांच्या गोष्टी आपण आवडीने सांगतो. सयाजी शिंदे एके काळी पाटबंधारे खात्यात रात्रीचे वॉचमन होते. केरळात टेलिफोन एक्स्चेंजवर रात्रपाळी करत शिकलेले रणजित रामचंद्रन २०२१ मध्ये रांचीच्या आयआयएममध्ये सहायक प्राध्यापक झाले. या गोष्टींत रात्र अभ्यासाला मोकळी होती. आमच्या गेटवर रात्रीच गाड्या जास्त. माझ्या पाळीतला एकजण पहाटे ड्युटी सुटली की रस्त्याकडेला धावायचा सराव करायचा; पोलीस भरतीत तिसऱ्या खेपेला निघाला. दुसरा अजून गेटवरच आहे. शर्ट कितवा ते त्यालाही आठवत नाही. २०२० च्या टाळेबंदीत आम्ही घरी होतो आणि तो तापमापक घेऊन उभा होता.

गेल्या महिन्यात आमच्या गेटवरच्या वेल्ह्याच्या एका पोराला दुसरीकडे स्टोअरला जायचं होतं. एजन्सीने त्याला तेच एका ओळीचं पत्र दिलं होतं. मी आमच्या लेटरहेडवर वेगळं लिहिलं: रात्रपाळीत गाड्यांची आवकजावक नोंदवली, सील आणि चलन ताडून पाहिलं, वजनकाट्याच्या पावत्या लावल्या, तफावत लेखी कळवली. सोबत कधीपासून कधीपर्यंत, तेही तारखेनिशी.

त्याने पत्र हातात घेतलं. आधी शिक्का पाहिला, मग तारखा, आणि सगळ्यात शेवटी स्वतःचं नाव.