प्रोसेसर निवडताना मे महिना आठवा

बारावीचा निकाल लागला की जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या बाजारात एक दृश्य हमखास दिसते. मुलगा मोबाईलवर प्रोसेसरची तुलना दाखवत असतो, वडील मनातल्या मनात हिशेब करत असतात. मुलाला इंजिनिअरिंगचा अभ्यास करायचा आहे आणि गेमही खेळायचे आहेत. घरच्यांना ऑनलाइन अर्ज, बँकेची कामे आणि परगावच्या नातेवाइकांशी व्हिडिओ कॉल एवढेच हवे आहे. दोघांची गरज एकाच कॉम्प्युटरने भागवायची असते. खर्च मोठा असतो आणि एकदा घेतलेली वस्तू पाच-सात वर्षे चालावी अशी अपेक्षा असते.

बहुतेक चर्चा ‘कोणता जास्त वेगवान?’ याच प्रश्नाभोवती फिरते. खानदेशात त्याआधी दुसरा प्रश्न विचारायला हवा : मे महिन्यात हा प्रोसेसर किती तापेल?

मानवी शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास राखले जाते. उष्णता वाढली की त्वचेकडचा रक्तप्रवाह वाढतो, घाम येतो आणि माणूस आपोआप मंदावतो. हे मंदावणे म्हणजे शरीराने स्वतःचा केलेला बचाव असतो. प्रोसेसरमध्येही अशीच सोय असते. साधारण ९० ते १०० अंशांची मर्यादा जवळ आली की तो आपला वेग स्वतःच कमी करतो. गेम अडखळू लागतो आणि दोष इंटरनेटला दिला जातो. फरक एवढाच की प्रोसेसरला घाम येत नाही. त्याचा पंखा खोलीतलीच हवा त्याच्यावर सोडतो. म्हणून खोलीतल्या हवेपेक्षा तो कधीच थंड होऊ शकत नाही.

इथे साधी बेरीज कामी येते. समजा, २२ अंशांच्या वातानुकूलित खोलीत चाचणी घेताना एखादा प्रोसेसर ७२ अंशांपर्यंत जातो. म्हणजे तो हवेपेक्षा ५० अंशांनी जास्त तापतो. तोच प्रोसेसर त्याच पंख्यासह जळगावच्या पत्र्याच्या खोलीत, ४२ अंशांत चालवला, तर ढोबळमानाने ९२ अंशांवर पोहोचेल. भुसावळ-जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. त्यामुळे थंड खोलीत घेतलेल्या चाचणीचा निकाल इथे जसाच्या तसा लागू होत नाही.

म्हणून खोक्यावरच्या वेगाच्या आकड्याइतकाच ‘वॉट’चा आकडाही पाहावा. इंटेलचा कोअर आय-५ १२४०० आणि एएमडीचा रायझन ५ ५६०० हे दोन्ही सहा कोअरचे, मूळ ६५ वॉट गटातले प्रोसेसर आहेत. पूर्ण जोरात असताना पहिला ११७ वॉटपर्यंत, तर दुसरा ७६ वॉटच्या आसपास वीज घेतो. याउलट कोअर आय-९ १४९००के २५३ वॉटपर्यंत जातो. ही सगळी वीज शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत येते. दीडशे वॉट जास्त, रोज चार तास, असे महिनाभर चालले तर १८ युनिट वाढतात. शिवाय वीज गेल्यावर छोटा यूपीएस किती वेळ तग धरेल, हेही याच आकड्यावर ठरते.

मग कोअर किती हवेत? केळीच्या बागेत घड कापणारा एकच असेल, तर वाहणारे वीस मजूर लावून काम लवकर उरकत नाही. बहुतेक गेमचेही तसेच आहे. सहा चांगले कोअर गेमला आणि रोजच्या कामाला पुरतात. बारा-सोळा कोअरचा उपयोग व्हिडिओ संपादन किंवा त्रिमितीय आरेखन करणाऱ्याला होतो. मोठ्या गेममध्ये चित्र किती गुळगुळीत हलेल, हे बऱ्याचदा प्रोसेसरपेक्षा ग्राफिक्स कार्डवर ठरते. त्यामुळे सगळा पैसा प्रोसेसरवर घालून कार्ड हलके घेणे म्हणजे बैलजोडी उमदी आणि गाडीचे चाक मोडके.

नावापुढच्या अक्षरांकडे लक्ष न दिल्याने अनेकांची फसगत होते. इंटेलच्या नावापुढे ‘एफ’ असेल तर त्यात चित्र दाखवण्याची सोय नसते. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर पडदा काळाच राहतो. रायझन ५ ५६०० मध्येही ती सोय नाही. ५६००जी मध्ये आहे. कार्डासाठी सध्या पैसे नसतील तर ‘जी’ हा समंजस पर्याय ठरतो. व्हॅलोरंटसारखा गेम कमी सेटिंगवर त्यात चालतो. मात्र असा प्रोसेसर मुख्य रॅमच वापरतो, म्हणून १६ जीबीची एक पट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घ्याव्यात.

जुना कॉम्प्युटर स्वस्तात मिळत असेल तर ‘आय-५ आहे’ एवढ्यावर भुलू नये, पिढी विचारावी. विंडोज १० ची नियमित सुरक्षा सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलची आठवी किंवा पुढची पिढी, अथवा रायझन २००० मालिकेपासूनचा प्रोसेसर लागतो. घरातले बँक व्यवहार ज्या यंत्रावर होणार, तिथे ही अट महत्त्वाची आहे. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीतले काही जास्त वीज घेणारे डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये समोर आले. कंपनीने सुधारणा दिली आणि हमी दोन वर्षांनी वाढवली. असा प्रोसेसर वापरलेला घेताना बिल, हमी आणि मदरबोर्डचे अद्ययावत बायोस तपासावे.

घरी आणल्यावर कॅबिनेट भिंतीपासून वीतभर दूर ठेवावे. डेझर्ट कूलरची ओलसर हवा थेट त्यावर सोडू नये. पंख्यातली धूळ दर दोन-तीन महिन्यांनी, यंत्र बंद करून, काढावी. प्रोसेसरबरोबर आलेल्या छोट्या पंख्याऐवजी मोठा एअर कूलर बसवला, तर पुढच्या महागड्या प्रोसेसरवर घातलेल्या पैशांपेक्षा तो इथे जास्त उपयोगी पडतो.

राहिला प्रश्न यंत्रासमोर बसणाऱ्याचा. तीनशे वॉटचा कॉम्प्युटर बंद खोलीत तेवढ्याच वॉटच्या हीटरसारखी उष्णता सोडतो. हवा ४० अंशांच्या वर गेली की नुसता पंखा शरीराला थंड करण्याऐवजी तापवू शकतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. भर दुपारी दार-खिडकी लावून तासन् तास खेळणाऱ्या मुलाला तहानेचेही भान राहत नाही. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे सुरू झाले तर खेळ थांबवून थंड जागी जावे, पाणी प्यावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपू लागली तर अंग ओले करत तातडीने रुग्णालय गाठावे.

खेळायचेच तर सकाळी किंवा संध्याकाळी, पण रात्रीची झोप मोडून नव्हे. तेरा ते अठरा वर्षांच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. खेळात रमलेल्या मुलाला मात्र ते कोणीतरी वेळेवर सांगावे लागते.