फुगलेल्या अणूंची रेडिओवार्ता

मृग नक्षत्रात बाणाच्या तीन ताऱ्यांखाली एक धूसर ठिपका दिसतो. तो सुमारे १,३०० प्रकाशवर्षांवरचा तेजोमेघ. तिथल्या तरुण ताऱ्यांचे अतिनील किरण हायड्रोजनच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवून लावतात. असा मोकाट इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या प्रोटॉनच्या तावडीत सापडला, की जिना उतरावा तसा एकेक ऊर्जापातळी खाली येतो. वरच्या पायऱ्यांमधलं अंतर अगदी थोडं, म्हणून तिथे दृश्य प्रकाशाऐवजी रेडिओलहरी सुटतात. ११० व्या पातळीवरून १०९ व्या पातळीवर येताना निघणाऱ्या लहरीची लांबी सुमारे ६ सेंटिमीटर असते. इलेक्ट्रॉन इतक्या वरच्या पातळीवर असलेला हा फुगलेला अणू नेहमीच्या अणूच्या १२,००० पट मोठा असतो. आपल्या दाट हवेत तो टिकणारच नाही.

अशा ठरावीक लांबीच्या लहरी रेडिओ वर्णपटात रेषांसारख्या उठून दिसतात. निकोलाय कार्दाशेव यांनी १९५९ मध्ये या वर्णरेषांचं भाकीत केलं आणि १९६४ मध्ये सोव्हिएत निरीक्षकांनी त्या टिपल्या.

रेषा किती सरकली यावरून वायूचा वेग कळतो. ती अखंड रेडिओ प्रारणाच्या तुलनेत किती ठळक आहे, यावरून तापमान कळतं. मृगातल्या मेघात ते ८ ते ९ हजार केल्विन भरतं. शिवाय रेडिओलहरींना धूळ अडवत नाही, त्यामुळे आकाशगंगेतले झाकलेले मेघही मोजता येतात. नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या टप्प्यातही १६६ आणि त्यावरच्या पातळ्यांच्या अशा रेषा येतात.

या मोजमापांतून एक गोष्ट स्पष्ट झाली: आकाशगंगेच्या केंद्रापासून दूर जावं तसे मेघ अधिक तापलेले आढळतात, कारण तिथे वायूला थंड करणारी ऑक्सिजनसारखी जड मूलद्रव्यं कमी आहेत.