कोड खुला, पण निर्णय कोणाचा?

मंडळी, वलगावात संस्था चालवण्याचा विषय निघाला की आम्हाला गाडगेबाबा आठवणारच. इथेच पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला. बाबांनी एवढ्या धर्मशाळा बांधल्या, पण मालकी स्वतःकडे ठेवली नाही. पंढरपूरच्या वसतिगृहाची इमारत डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला दिली. बांधणारा हयात असतानाच पुढचा कारभार कोणाकडे, हे ठरलं. मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांत नेमकं हेच राहून जातं.

मुक्त सॉफ्टवेअरचा कोड कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. तो हक्क परवाना देतो. पण तुम्ही केलेला बदल मूळ प्रकल्पात घ्यायचा की नाही, हे कोण ठरवणार? त्यावर परवाना गप्प असतो. तिथे शासनपद्धती लागते.

लिनक्सच्या गाभ्यात शेवटचा शब्द लिनस टोरवाल्ड्स यांचा. डेबियनने १९९८ मध्ये चक्क संविधान लिहिलं; तिथे दरवर्षी नेत्याची निवडणूक होते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं ईआरपीनेक्स्ट खुलं आहे, पण त्याची दिशा मुख्यतः कंपनी ठरवते. तिन्ही चालतात बरं का!

आता पायथॉनचं बघा. गिडो व्हान रॉसम हे तिचे जनक, आणि त्यांना गमतीनं पदवी होती ‘तहहयात दयाळू हुकूमशहा’. २०१८ मध्ये भाषेतल्या एका नव्या चिन्हावरून कडाक्याचा वाद झाला. निर्णय त्यांच्या बाजूने लागला, पण माणूस थकला. जुलैमध्ये त्यांनी पद सोडलं, वारस नेमला नाही. पुढचं तुम्ही ठरवा म्हणाले. म्हणजे घर चालू असताना पाया बदलायचा! मुख्य विकासकांनी निरनिराळे लेखी प्रस्ताव मांडले, डिसेंबरात मतदान केलं आणि पाच जणांचं सुकाणू मंडळ स्वीकारलं. त्यातली दोन कलमं आम्हाला फार मोलाची वाटतात. एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोनांपेक्षा जास्त सदस्य मंडळात नकोत. आणि दोन तृतीयांश मतांनी अविश्वास दाखवून मंडळाला घरी पाठवता येतं. सत्तेचा प्रश्न तत्त्वज्ञान जुन्या काळापासून विचारतं, पण इतकं सुटसुटीत उत्तर आम्ही क्वचितच पाहिलं.

कारभार पटलाच नाही तर? तर कोड घेऊन वेगळी चूल मांडता येते. ओरॅकलने सन कंपनी घेतल्यावर २०१० मध्ये ओपनऑफिसमधल्या बऱ्याच मंडळींनी लिब्रेऑफिस असंच सुरू केलं. ही मुभा असते म्हणून नेता जपून वागतो. पण घर फुटलं की माणसंही वाटली जातात, म्हणून हा शेवटचा उपाय.

तुमच्यापैकी दोन-तीन पोरं मिळून काही बनवत असतील, तर डेबियनचं संविधान उतरवून घेऊ नका. तीन माणसांत निवडणूक कसली घेता? एक पानभर लिहा: बदल कोण स्वीकारणार, मतभेद झाला तर शेवटचा शब्द कोणाचा, नव्या माणसाला अधिकार कधी मिळणार, आणि प्रमुखाला नोकरी लागली किंवा तो आजारी पडला तर पुढे कोण. प्रत्यक्ष राबणाऱ्या सगळ्यांची त्यावर संमती घ्या, आणि ते पान कोडच्या शेजारीच ठेवा. संकेतस्थळाचं नाव आणि पासवर्ड किमान दोघांच्या हाती असू द्या. कामकरी दहा-बारा झाले की ते पान पुन्हा काढा.