विटंबना जमावाची, जबाबदारी सरकारची?

खासगी माणसाने चर्च फोडले, तर आंतरराष्ट्रीय कायदा ते कृत्य सहसा राज्याच्या माथी मारत नाही. गणवेशातल्या सैनिकाने अधिकाराच्या नात्याने केलेले कृत्य मात्र राज्याच्याच माथी येते, अगदी हुकूम मोडून केले तरी. पण विटंबना रोखण्याचे बंधन असताना सरकार बघत बसले, तर ती त्याची स्वतःची कसूर ठरते.

याचेच उदाहरण: अझरबैजानशी झालेल्या काराबाखच्या युद्धानंतर आर्मेनियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली. ७ डिसेंबर २०२१ च्या अंतरिम आदेशात न्यायालयाने अझरबैजानला बजावले: आर्मेनियन चर्च, स्मारके, दफनभूमी यांची नासधूस व विटंबना रोखा, करणाऱ्यांना शिक्षाही करा. गंमत म्हणजे आधार होता वारसा जपणाऱ्या नव्हे, तर वंशभेदविरोधी कराराचा. न्यायालयाचे दार त्यानेच उघडले.