यजमानपणाचा हक्क

1901 साली सहा ब्रिटिश वसाहती एकत्र येऊन ऑस्ट्रेलियाचे संघराज्य अस्तित्वात आले आणि त्याच वर्षी त्याच्या संसदेने गोरेतरांना रोखण्यासाठी स्थलांतर-निर्बंध कायदा संमत केला. हिंदी लोक साम्राज्याचेच प्रजाजन असल्याने आणि जपानलाही दुखवायचे नसल्याने कायद्यात वर्णाचा उघड उल्लेख लंडनला नको होता. म्हणून अधिकारी सांगेल त्या युरोपीय भाषेतला पन्नास शब्दांचा उतारा लिहून दाखवण्याची परीक्षा योजली गेली. ती नकोशा गोऱ्यांवरही चालवता येई : 1934 साली एगॉन किश या बहुभाषी साम्यवादी पत्रकाराला अडवण्यासाठी स्कॉटिश गेलिक निवडली गेली आणि अखेर न्यायालयानेच तो डाव उधळला.

भारतातला इंग्रज अधिकारी निवृत्तीनंतर बहुधा मायदेशी परते. ऑस्ट्रेलियासारख्या स्थायिक वसाहतीत मात्र आलेला समाज मूळ रहिवाशांना हटवून तेथेच कायमचा राहतो आणि ती भूमी जणू आपलीच असल्याचे मानतो. या स्वामित्वाच्या भावनेलाच अभ्यासक ‘गोरेपणा’ म्हणतात, केवळ कातडीच्या रंगाला नव्हे. म्हणूनच दुसऱ्या महायुद्धानंतर आलेले इटालियन व ग्रीक आरंभी पुरते गोरे गणले गेले नाहीत, पुढे हळूहळू गणले गेले.

1973 साली पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारने वर्णाधारित निवडीचे उरलेसुरले अवशेष काढून टाकले आणि बहुसांस्कृतिकता, म्हणजे स्थलांतरितांनी आपली भाषा व चालीरीती राखूनही समान नागरिक असावे हे धोरण, रुजू लागले. लेबनॉनमध्ये जन्मलेले मानववंशशास्त्रज्ञ घसान हाज यांनी 1998 च्या ‘व्हाइट नेशन’ या ग्रंथात या सौजन्यावरच बोट ठेवले. ‘हे लोक फार झाले’ म्हणणारा आणि ‘येऊ द्या, यांच्यामुळे आपण समृद्ध होतो’ म्हणणारा, दोघेही राष्ट्र हे आपले घर आणि पाहुण्यांची संख्या ठरवणे हा आपला अधिकार, असेच धरून चालतात. सहिष्णुता दाखवणाऱ्याच्या हाती ती मागे घेण्याची सत्ताही असते. हे विवेचन काहीसे कठोर आहे, कारण त्या धोरणाने अनेकांचे जगणे खरोखर सुसह्य केले. पण आशियाई लोकांच्या लोंढ्याचा इशारा देणारे खासदार पॉलीन हॅन्सन यांचे 1996 चे संसदेतील भाषण पाहता हे विवेचन निराधार म्हणता येत नाही.

आदिवासींचा प्रश्न या चौकटीत मावतच नाही, कारण ते अनेक संस्कृतींपैकी एक नसून ज्यांची जमीन गेली ते लोक आहेत. ती भूमी निर्मनुष्यवत होती ही कायदेशीर कल्पना उच्च न्यायालयाने 1992 च्या माबो निकालात फेटाळली. तरी संसदेला सल्ला देणारे आदिवासींचे मंडळ राज्यघटनेत आणण्याचा प्रस्ताव 2023 च्या सार्वमतात सुमारे 60 टक्के मतदारांनी नाकारला. नव्या स्थलांतरितांचे स्थानही यामुळे दुहेरी होते. 2021 च्या जनगणनेत परदेशी जन्मलेल्यांमध्ये इंग्लंडखालोखाल संख्या भारतात जन्मलेल्यांची होती. त्यांना गोऱ्यांकडून यजमानपणात वाटा हवा असतो, परंतु आदिवासींच्या बाजूने पाहता तेही स्थायिक झालेलेच ठरतात.