विल्किन्सनचा रेझिस्टर

‘तीन खोल्यांत वाय-फाय नीट येत नाही. केबल टीव्हीचा स्प्लिटर लावून एकाच राउटरला तीन अँटेना जोडल्या तर?’ असं एका वाचकाने विचारलं आहे. जोडता येतील, पण रेंज वाढायची नाही. राउटरमधून १०० मिलीवॅट निघत असतील, तर प्रत्येक अँटेनाच्या वाट्याला फार तर ३३ येतील. त्यात २.४ गिगाहर्ट्झला टीव्हीची आरजी-६ केबल दहा मीटरमध्येच निम्मी शक्ती खाते. ७५ ओहमची केबल ५० ओहमच्या राउटरला चालत नाही, ही भीती मात्र अवाजवी आहे. त्या सांध्यावरून जेमतेम ४ टक्के शक्ती परत फिरते. खरी अडचण स्प्लिटरची. केबल टीव्हीचे बहुतेक स्प्लिटर १००० मेगाहर्ट्झच्या आसपासपर्यंतच धड चालतात.

उत्तम स्प्लिटर कसा असतो, ते अर्नेस्ट विल्किन्सन यांनी १९६० साली एका शोधनिबंधात दाखवलं. मायक्रोवेव्हच्या अभियंत्यांच्या तोंडी त्यांचं नाव कायम असतं, इतरांच्या कानावरही येत नाही. दोन फाट्यांच्या स्प्लिटरमध्ये पाव तरंगलांबीच्या दोन वाहिन्या असतात आणि त्यांच्या टोकांमध्ये १०० ओहमचा एक रेझिस्टर. बाहेर जाणारा सिग्नल दोन्ही टोकांना एकाच क्षणी, सारख्याच व्होल्टेजने पोचतो, त्यामुळे रेझिस्टरमधून काहीच वाहत नाही. उलट्या वाटेने मात्र तो कामाला लागतो. मोबाइलचा क्षीण सिग्नल एकाच अँटेनात शिरला, तर निम्मा राउटरकडे जातो, निम्मा रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन संपतो आणि दुसऱ्या अँटेनाला त्याचा पत्ताही लागत नाही. एका चिमुकल्या रेझिस्टरने साधलेलं केवढं देखणं काम! पण त्याची किंमत पाहा: जाताना निम्मं, येतानाही निम्मं.

ही किंमत परवडते ती मॉलमध्ये किंवा मोठ्या रुग्णालयात. तिथे मोबाइल कंपनीचं यंत्र कित्येक वॅट देतं आणि छताला जागोजागी पांढऱ्या घुमटाकार अँटेना असतात. तिथली वाटणी पाटाच्या पाण्यासारखी करावी लागते. वरच्यांनी भरपूर घेतलं, तर शेवटचं शेत कोरडं राहतं. म्हणून यंत्राजवळच्या अँटेनांसाठी ‘टॅपर’ लावतात. तो दहावा हिस्सा, कधी त्याहूनही कमी काढून घेतो आणि उरलेलं पुढे सोडतो. समान वाटणीचा स्प्लिटर येतो तो अगदी शेवटी.

घरी याची गरज नाही. आजच्या राउटरच्या अँटेना एकाच वेळी माहितीचे वेगवेगळे प्रवाह पाठवतात, त्यांतली एकच फोडून मिळतं ते थोडकंच. लांबच्या खोलीपर्यंत लॅन केबल ओढा आणि तिथे दुसरा अ‍ॅक्सेस पॉइंट लावा. त्याला स्वतःचे पूर्ण १०० मिलीवॅट मिळतील.